ओपन सोर्स प्रकल्पात कोण काय ठरवतं? पुण्यातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

गिटहबवर खातं कसं काढायचं, रेपो म्हणजे प्रकल्पाचा कोडसाठा फोर्क कसा करायचा (आपली प्रत कशी काढायची), पुल रिक्वेस्ट म्हणजे 'माझा बदल घ्या' ही विनंती कशी पाठवायची हे शिकवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. पण पाठवलेली पुल रिक्वेस्ट कोण बघतं, 'हो' किंवा 'नाही' म्हणायचा अधिकार कोणाचा, तो त्या माणसाकडे कसा आला आणि उद्या तुमच्याकडे येऊ शकतो का, हे त्यांत सहसा नसतं. पुण्यातल्या मीटअपना येणाऱ्या मुलामुलींशी बोललं की कळतं, कोड लिहिण्यात ती कुठेच कमी नाहीत. महिना-दोन महिने झपाटून काम करतात, मग पाठवलेल्या एखाद्या पॅचला, म्हणजे कोडमधल्या बदलाला, कोणी उत्तरच देत नाही, आणि ती निघून जातात. पुष्कळदा पॅच चुकीचा नसतो. तो भलत्या माणसाकडे, भलत्या वेळी किंवा भलत्या वाटेने गेलेला असतो.

ही वाट आधी समजून घेतली तर बराच त्रास वाचतो. म्हणून इथे प्रोग्रॅमिंगबद्दल काही नाही. प्रकल्पाचा कारभार कसा वाचायचा आणि त्यात आपली जागा कशी तयार करायची, तेवढंच आहे.

पायरी १: कोड उघडण्याआधी कारभाराच्या फायली वाचा

रीडमी सगळेच वाचतात. त्याच्या शेजारी 'काँट्रिब्यूटिंग', 'गव्हर्नन्स', 'मेंटेनर्स', 'कोड ऑफ कंडक्ट', 'सिक्युरिटी' अशा नावांच्या फायली दिसल्या तर त्याही उघडा. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास जाईल. वाचताना एवढं शोधा: मर्ज कोण करू शकतं, म्हणजे आलेला बदल मूळ कोडमध्ये कोण मिसळू शकतं, मतभेद झाल्यावर शेवटचा शब्द कोणाचा, नव्या माणसाचं नाव यादीत कसं चढतं, आणि प्रकल्पाचं नाव व ट्रेडमार्क कोणाच्या मालकीचा आहे. शेवटचा प्रश्न नवशिक्याला दूरचा वाटतो. तो दूरचा नाही, पुढच्या पायरीत कळेलच.

लिनक्स कर्नलमध्ये 'मेंटेनर्स' नावाची एक लांबलचक फाइल आहे. कुठला भाग कोणाच्या देखरेखीखाली आहे, पॅच कोणाला पाठवायचा, हे तीत लिहिलेलं असतं. प्रत्येक भागापुढे त्याची स्थितीही असते: कोणी पगार घेऊन सांभाळतं आहे, कोणी सवडीने सांभाळतं आहे, की त्या भागाला सध्या कोणी वालीच नाही. वाली नसलेल्या भागात पॅच पाठवलात तर उत्तराला उशीर होणार, हे आधीच कळतं. कुबर्नेटीस या सर्व्हरवरची सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या प्रणालीत जवळपास प्रत्येक महत्त्वाच्या फोल्डरात 'ओनर्स' फाइल असते आणि त्यात रिव्ह्यूअर कोण, अप्रूव्हर कोण, अशा दोन वेगळ्या याद्या असतात. रिव्ह्यूअर 'कोड बरोबर दिसतो' म्हणतो. अप्रूव्हर 'हा बदल या प्रकल्पात हवा' म्हणतो. हे दोन वेगळे निर्णय आहेत. एकाचा होकार मिळाला म्हणजे काम झालं, असं समजून बसू नका.

अशी फाइलच नसेल तर? मग गेल्या दोन-तीन महिन्यांत मर्ज झालेल्या पुल रिक्वेस्ट वरपासून खालपर्यंत बघा. मर्ज करणारी नावं चार-पाचच असतील. कोण लगेच उत्तर देतं, कोण बारकाईने रिव्ह्यू करतं, कोणाच्या एका वाक्यावर चर्चा थांबते, हे ध्यानात येईल. नाकारलेल्या पुल रिक्वेस्टही वाचा. माझ्या मते प्रकल्पाचा स्वभाव तिथेच सगळ्यांत स्पष्ट दिसतो.

पायरी २: सत्ता कुठे आहे ते ओळखा

'ओपन सोर्स म्हणजे सगळ्यांचं' हे परवान्यापुरतं खरं आहे. कोड कोणीही वापरू शकतं, बदलू शकतं. मूळ प्रकल्पात काय जाईल, हे मात्र ठरावीक माणसंच ठरवतात, आणि ती कशी निवडायची याच्या प्रत्येकाच्या तऱ्हा निराळ्या आहेत.

काही प्रकल्पांत एकच माणूस शेवटचा निर्णय घेतो. लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स सुरू केलं आणि मुख्य शाखेत काय घ्यायचं हे अजूनही तोच ठरवतो. तरी तुमचा पॅच थेट त्याच्याकडे जात नाही. तो आधी त्या-त्या भागाच्या मेंटेनरकडे जातो, तिथून वर सरकतो. म्हणजे नवशिक्याच्या दृष्टीने सत्ता त्या भागाच्या मेंटेनरकडे असते.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची गोष्ट मी प्रत्येक नवख्याला सांगतो, कारण कारभाराची घडी बदलताना काय काय होतं ते तीत उघड दिसतं. गिडो व्हान रॉसम वर्षानुवर्षं शेवटचा निर्णय घेत होता. जुलै २०१८ मध्ये, भाषेत एक नवं चिन्ह आणण्यावरून झालेल्या दमवणाऱ्या वादानंतर, त्याने ती जबाबदारी सोडली आणि आपल्या जागी कोणालाही नेमलं नाही. पुढे काय करायचं ते कोअर डेव्हलपरांनीच ठरवावं, असं त्याने सांगितलं. मग कारभाराचे निरनिराळे प्रस्ताव लिहिले गेले, त्यांवर मतदान झालं आणि पाच जणांची स्टिअरिंग काउन्सिल आली. पायथनची प्रत्येक मोठी आवृत्ती निघाली की तिची नव्याने निवडणूक होते. एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त सदस्य तीत असू शकत नाहीत, असा नियमच आहे. हा नियम कशासाठी केला असेल, यावर थोडा विचार करा. पुढे स्वतःच्या प्रकल्पाची घटना लिहाल तेव्हा उपयोगी पडेल.

डेबियन हे लिनक्सचं डिस्ट्रिब्यूशन, म्हणजे वापरायला तयार असा संच, १९९३ पासून चालू आहे आणि १९९८ पासून त्याला लेखी राज्यघटना आहे. प्रोजेक्ट लीडर दरवर्षी निवडला जातो. मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात आणि मतपत्रिकेवर 'यांपैकी कोणीही नको' हाही पर्याय असतो. लीडरचा निर्णय पटला नाही तर डेव्हलपर सर्वसाधारण ठराव आणून तो फिरवू शकतात. तांत्रिक वाद मिटत नसेल तर टेक्निकल कमिटीकडे जातो. २०१४ मध्ये सिस्टमडी ही संगणक सुरू होताना बाकीच्या सेवा चालू करणारी प्रणाली डीफॉल्ट म्हणून घ्यावी की नाही यावर या कमिटीत मतं अगदी निम्मी-निम्मी पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने निकाल लागला. त्या वादाची धग पुढे बराच काळ राहिली, डेबियनपासून फुटून वेगळं डिस्ट्रिब्यूशनही निघालं. तरीही डेबियन चालू राहिलं, कारण निकाल कोणी आणि कसा द्यायचा हे वाद पेटण्याच्या कितीतरी आधी लिहून ठेवलेलं होतं.

अपाची फाउंडेशन १९९९ मध्ये स्थापन झालं. तिथे प्रत्येक प्रकल्पाची स्वतःची पीएमसी म्हणजे व्यवस्थापन समिती असते. सदस्यत्व माणसाला मिळतं, कंपनीला नाही; नोकरी बदलली तरी ते तुमच्याबरोबर येतं. हिंजवडीतून खराडीत उडी मारणाऱ्यांनी ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी.

शेवटचा प्रकार कंपनीच्या मालकीच्या प्रकल्पांचा. कोड खुला असतो, पण ट्रेडमार्क, मर्जचा अधिकार आणि पुढची दिशा एकाच कंपनीच्या हातात असते. मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसच्या मागच्या कंपनीने परवाना बदलला, आणि काही दिवसांतच जुन्या खुल्या कोडवरून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली वाल्की नावाचा फोर्क निघाला. ज्यांनी रेडिसमध्ये वर्षानुवर्षं बाहेरून काम केलं होतं, त्यांना एका आठवड्यात ठरवावं लागलं की आता आपण कुठे. अशा प्रकल्पात काम करू नये असं माझं म्हणणं नाही. शिकायला तिथे पुष्कळ मिळतं. फक्त आपल्याला मत आहे की नुसतं योगदान देता येतं, हे आत शिरतानाच माहीत असावं.

पायरी ३: पदांची नावं सोडा, कामं बघा

वापरकर्ता, काँट्रिब्यूटर, ट्रायाजर, रिव्ह्यूअर, कमिटर किंवा मेंटेनर, रिलीज मॅनेजर, आणि वर समिती. नावं प्रकल्पागणिक बदलतात, उतरंड साधारण हीच असते. वापरकर्ता आणि काँट्रिब्यूटर यांच्याबद्दल वेगळं सांगायला नको. नवशिक्यांना खरी संधी मधल्या दोन कामांत असते, आणि तीच दोन कामं सगळे ओलांडून पुढे पळतात.

पहिलं ट्रायाज, म्हणजे आलेल्या तक्रारींची छाननी. मोठ्या प्रकल्पात रोज इश्यू, म्हणजे बग आणि सूचनांच्या नोंदी, येतात. त्यांतले निम्मेशिम्मे अपुरे असतात: आवृत्ती लिहिलेली नसते, बग पुन्हा कसा दाखवायचा ते सांगितलेलं नसतं, किंवा तोच इश्यू आधी कोणीतरी नोंदवलेला असतो. हे वाचून, आपल्या लॅपटॉपवर बग पुन्हा घडवून बघून, 'उबुंटूच्या अमुक आवृत्तीवर मलाही दिसला, त्याआधीच्या आवृत्तीवर नाही, पाच ओळींत दाखवता येतो' असं लिहिणारा माणूस मेंटेनरला देवासारखा भेटतो. यासाठी अख्खा कोड समजावा लागत नाही. आणि महिनाभर हे केलंत की कुठला भाग सारखा मोडतो, कुठल्या भागाला माणूस कमी आहे, हे तुम्हाला पुष्कळ जुन्या काँट्रिब्यूटरांपेक्षा जास्त कळायला लागतं.

दुसरं रिव्ह्यू. 'मला मर्जचा अधिकार नाही, मी कसा रिव्ह्यू करू?' असं बरेच जण विचारतात. करू शकता, करावा. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या प्रकल्पात तर रीतच आहे: तुम्ही पॅच पाठवलात की साधारण तेवढ्याच अवघड अशा दुसऱ्याच्या एखाद्या पॅचचा रिव्ह्यू तुमच्याकडून अपेक्षित असतो. पॅच लावून बघा, टेस्ट चालवा, दस्तऐवज बदललाय का बघा, एरर मेसेज वाचून समजतो का बघा. जे तपासलं तेवढंच लिहा आणि जे तपासलं नाही तेही लिहा. 'मस्त आहे, +१' एवढंच लिहिलेल्या रिव्ह्यूचा कोणाला उपयोग नाही. लिनक्स कर्नलमध्ये तपासणाऱ्याचं आणि टेस्ट करणाऱ्याचं नाव कमिटच्या, म्हणजे बदलाच्या नोंदीच्या, मजकुरातच लिहितात. ते इतिहासात कायमचं राहतं.

पुरुषोत्तम करंडकाच्या तालमींना गेलेल्यांना हे फोडून सांगायला नको. पहिल्या वर्षी सेट उचलायचा, प्रॉपर्टी सांभाळायची, प्रॉम्प्टिंग करायचं, आणि तेवढ्यात संहिता पाठ होऊन जाते. दिग्दर्शन अर्ज करून मिळत नाही. तुम्ही रोज येता, तुमच्या हातून काम सुटत नाही, हे आधी सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

मराठी वाचणाऱ्यांसाठी आणखी एक दार उघडं आहे, ते भाषांतराचं. ग्नोम आणि केडीई हे लिनक्सवरचे डेस्कटॉप आणि लिबरऑफिस यांच्या मराठी भाषांतरात पुण्याचा हात जुना आहे. लोहित या फाँटवर रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी बराच काळ काम केलं. ग्नोमच्या भाषांतर व्यवस्थेत अनुवादक, रिव्ह्यूअर, कमिटर आणि समन्वयक अशा पायऱ्या ठरलेल्या आहेत. भाषेचे चमू लहान असतात, त्यामुळे जबाबदारी लवकर मिळते आणि मोठ्या प्रकल्पाचं वेळापत्रक, स्ट्रिंग म्हणजे पडद्यावरचा मजकूर गोठवण्याच्या तारखा, रिलीजची धावपळ हे सगळं आतून बघायला मिळतं. 'भाषांतर म्हणजे दुय्यम काम' हा समज कॉलेजांत खोलवर रुजला आहे. तो मला अजिबात पटत नाही. ज्या आजोबांना मोबाइलवरचा मेनू मराठीत हवा आहे, त्यांच्यासाठी तेच मुख्य काम आहे.

पायरी ४: निर्णय कसे होतात ते शिका

बहुतेक निर्णय मतदानाने होतच नाहीत. अपाचीत एक पद्धत रुळली आहे: 'मी अमुक बदल करणार आहे, ७२ तासांत कोणाची हरकत आली नाही तर करतो' असं जाहीर सांगायचं. कोणी बोललं नाही तर ती संमती. ७२ तासच का? जगातल्या कुठल्याही टाइमझोनमधल्या, नोकरी सांभाळून काम करणाऱ्या माणसाला वाचायला वेळ मिळावा म्हणून. शुक्रवारी रात्री जाहीर करून सोमवारी सकाळी 'कोणीच काही बोललं नाही' असं म्हणणाऱ्यावर लोक नाराज होतात, आणि ते योग्यच आहे.

अपाचीत मतदान झालंच तर मतं +१ (होकार), ० (तटस्थ) आणि -१ (नकार) अशी लिहितात. कोडमधल्या बदलावर पात्र सदस्याने -१ दिला तर तो व्हेटो असतो, म्हणजे बदल तिथेच अडतो, पण त्याला तांत्रिक कारण द्यावंच लागतं. कारण नसलेला व्हेटो धरत नाहीत. रिलीजचा नियम वेगळा: किमान तीन बंधनकारक, म्हणजे पीएमसी सदस्यांचे, +१ हवेत आणि होकार नकारांपेक्षा जास्त हवेत, एकट्याच्या -१ ने रिलीज अडत नाही. हा फरक मुद्दाम केलेला आहे. वाईट कोड आत येऊ नये म्हणून एका माणसाचा आवाजही पुरेसा असावा, पण तयार आवृत्ती एका माणसाच्या हट्टापायी अडून राहू नये. तुमचं मत बंधनकारक नसलं तरी ते द्या, आणि काय तपासून दिलं तेही लिहा. रिलीज कँडिडेट म्हणजे तपासणीसाठी ठेवलेली जवळपास तयार आवृत्ती उतरवून, चालवून बघून मत देणारा नवखा माणूस पीएमसीच्या नजरेत भरतो.

मोठ्या बदलांसाठी लेखी प्रस्ताव लागतो: पायथनमध्ये पेप, रस्टमध्ये आरएफसी. कोड नंतर, आधी कारण. काय अडतं आहे, कोणते पर्याय तपासले, ते का सोडले, जुनं काय मोडेल. नवशिक्याने पहिल्याच वर्षी प्रस्ताव लिहायला घेऊ नये. जुने प्रस्ताव वाचावेत, नाकारलेले आधी.

वेळापत्रक हाही कारभाराचाच भाग आहे. कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि सुरुवातीचे दोन आठवडे मर्ज विंडोचे असतात. त्या दोन आठवड्यांत मेंटेनर आधीच गोळा झालेलं काम वर पाठवण्यात बुडालेले असतात. नेमका तेव्हा नव्या वैशिष्ट्याचा पॅच पाठवलात तर तो बाजूला पडणार. त्यात अपमान कसला?

आता खास आपल्या सवयींबद्दल. पुण्यात आपण व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकमेकांना पटकन मदत करतो, चहावर बसून तासाभरात प्रश्न सोडवतो. ते करत राहा, पण ठरलेलं उघड्यावर लिहा. अपाचीत जुनं तत्त्व आहे: जे मेलिंग लिस्टवर नाही, ते झालंच नाही. वाडिया कॉलेजजवळच्या हॉटेलात चौघांनी मिळून काढलेला तोडगा ब्राझीलमधल्या मेंटेनरला दिसत नाही. त्याला दिसते ती एकाएकी उगवलेली मोठी पुल रिक्वेस्ट. मेंटेनरला खाजगी मेसेज पाठवून 'प्लीज माझं बघा' म्हणणंही टाळा. त्याच इश्यूखाली लिहा. एक अपवाद मोठा आहे: सुरक्षेतली त्रुटी सापडली तर उघड इश्यू कधीही टाकू नका. 'सिक्युरिटी' फाइलमध्ये दिलेल्या खाजगी वाटेनेच कळवा.

आणि मेलची सुरुवात 'रिस्पेक्टेड सर' अशी नको. समोर पुरुषच आहे असं धरणं चूक, आणि वयाने-पदाने मोठ्या माणसालाही इथे नुसत्या नावाने हाक मारतात. आपल्याला ते सुरुवातीला जड जातं. जमतं. आदर दाखवायचा तर त्यांचा वेळ वाचवून दाखवावा: पॅच लहान ठेवावा, टेस्ट जोडावी, विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यावं. उत्तर आलं नाही तर निदान एक आठवडा थांबा, मग तिथेच एका ओळीत नम्रपणे आठवण करा. इंग्रजी कच्चं असेल तर लहान वाक्यं लिहा. लहान वाक्यं सगळ्यांनाच आवडतात. तिथल्या बऱ्याच लोकांची मातृभाषाही इंग्रजी नसते.

पायरी ५: कागदपत्रं आधी, कोड नंतर

लिनक्स कर्नल २००४ पासून प्रत्येक पॅचवर 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ मागतो. ती सही म्हणून ठोकून द्यायची नसते. 'हा कोड देण्याचा मला हक्क आहे' असं तुम्ही तिथे प्रमाणित करता. काही प्रकल्प, विशेषतः कंपन्यांचे आणि फाउंडेशनांचे, सीएलए म्हणजे काँट्रिब्यूटर करारावर सही घेतात. तो वाचा. त्याने हक्क हस्तांतरित होतात की फक्त परवाना दिला जातो, यात मोठा फरक आहे.

नोकरी करणाऱ्यांनी इथे जास्त जपावं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या गोष्टीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालक कंपनी असते. त्यावर आयटी कंपन्यांच्या नेमणूकपत्रांत फावल्या वेळातल्या कामाबद्दलही कलमं असतात. आपलं पत्र काढून वाचा. एचआर किंवा लीगलकडून ईमेलवर परवानगी घ्या. तोंडी 'हो, हो, करा' पुरत नाही. स्वतःचा लॅपटॉप, स्वतःचा ईमेल आणि ऑफिसबाहेरची वेळ ही तर किमान काळजी झाली. कंपनीच ओपन सोर्समध्ये काम करवून घेत असेल, तर तुम्ही कोणाच्या वतीने बोलता आहात ते चर्चेत स्पष्ट सांगा. 'माझ्या कंपनीला हे हवं आहे' असं उघड म्हणण्यात काही गैर नाही, लपवण्यात आहे.

एआयने लिहिलेल्या कोडबद्दलही नियम तपासा. जेंटू या लिनक्स डिस्ट्रिब्यूशनच्या काउन्सिलने एप्रिल २०२४ मध्ये अशा योगदानांना बंदी केली. दुसरीकडे काही ठिकाणी सांगून वापरलं तर चालतं. ठरवणारा तो प्रकल्प आहे, तुम्ही नाही. आणि नुसती संख्या वाढवण्यासाठी रीडमीत एखादा शब्द बदलून पुल रिक्वेस्ट पाठवणं कुठेच चालत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट या ऑनलाइन मोहिमेच्या टी-शर्टासाठी अशा रिक्वेस्टांचा एवढा पूर आला की आयोजकांना, ज्या प्रकल्पांनी स्वतःहून भाग घेतला आहे त्यांच्यापुरतीच ती मोहीम मर्यादित करावी लागली. ते साफ करत बसलेली माणसं स्वयंसेवक होती.

पायरी ६: पद कसं मिळतं, आणि ते सावकाश का मिळतं

पद्धती दोन. अपाचीत तुम्ही मागत नाही. पीएमसी आपसात चर्चा करते, मत घेते आणि तुम्हाला आमंत्रण येतं. कुबर्नेटीसमध्ये उलट: तुम्ही स्वतः अर्ज करता, आपल्या कामाचे दुवे देता आणि आधीपासून आत असलेले दोघे जण तुमची शिफारस करतात. एके ठिकाणचा शिष्टाचार दुसरीकडे आगाऊपणा ठरतो, म्हणून आधी फाइल बघा. डेबियनमध्ये तुमची ओळख पटवणाऱ्या डिजिटल किल्लीवर आधीच्या डेव्हलपरांची सही लागते, आणि त्यासाठी माणसं सहसा समोरासमोर भेटतात. २०२३ मध्ये डेबकॉन्फ हे डेबियनचं संमेलन कोचीला झालं, तेव्हा परदेशी न जाता ती सोय झाली.

पद मागायचंच असेल तर हुद्दा मागू नका, काम मागा. 'मला मेंटेनर करा' याऐवजी 'या पार्सरच्या इश्यूंचं ट्रायाज मी चार महिने करतो आहे, लेबल लावायचा अधिकार दिलात तर तुमचं काम कमी होईल' असं लिहा. ही विनंती कोणी सहसा नाकारत नाही.

आणि उशीर होतो आहे म्हणून चिडू नका. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत मागचं दार, म्हणजे चोरून आत शिरायची लपवलेली वाट, सापडलं. 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी २०२१ पासून चांगले पॅच पाठवत विश्वास कमावला होता. एकटा, थकलेला मेंटेनर. आणि 'तुम्हाला जमत नाही तर दुसऱ्याच्या हाती द्या' म्हणून त्याच्यावर दबाव आणणारी, बहुधा बनावट, खाती. शेवटी त्या माणसाला सह-मेंटेनरचे अधिकार मिळाले. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे हे पोस्टग्रेसच्या एका डेव्हलपरला खटकलं, त्याने मागोवा घेतला, म्हणून ते उघड झालं. त्यानंतर अनेक प्रकल्प अधिकार देताना जास्त जपून वागतात. तुमच्यावर कोणाचा व्यक्तिगत संशय नसतो. मात्र या घटनेतून नवशिक्याने आणखी एक गोष्ट उचलावी: मेंटेनरवर दबाव आणणाऱ्यांत सामील होऊ नका. 'हा बग कधी दुरुस्त होणार?' असं विचारणाऱ्या शंभराव्या माणसापेक्षा तो बग पुन्हा घडवून दाखवणारा पहिला माणूस व्हा.

कोणी अपमान केला, त्रास दिला तर सहन करत बसू नका. 'कोड ऑफ कंडक्ट' फाइलमध्ये तक्रार कुठे करायची ते दिलेलं असतं. दुवे आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि कळवा. मुलींना मी हे आवर्जून सांगतो, कारण त्या गप्प राहून प्रकल्प सोडतात आणि बाहेर कोणाला कळतही नाही. 'पॅच नाकारला' आणि 'माणसाला हिणवलं' यांत गल्लत मात्र करू नका. पहिलं रोजचं आहे.

परीक्षा, नोकरी, लग्न, घरचं आजारपण, यामुळे थांबावं लागलं तर दोन ओळी लिहून थांबा. बऱ्याच प्रकल्पांत मानाने निवृत्त झालेल्यांची वेगळी यादी असते आणि परतीची वाट खुली असते. न सांगता गायब झालेला मेंटेनर सगळ्यांना अडकवून ठेवतो.

पायरी ७: पुण्यात माणसं शोधा

हे सगळं एकट्याने पडद्यासमोर बसून करता येतं, पण सोबत असली की टिकतं. पुणे जीएनयू-लिनक्स यूजर्स ग्रुप, म्हणजे प्लग, इथला जुना गट. सिम्बायोसिसच्या एसआयसीएसआर या संगणक संस्थेत भरत आलेली ग्नूनिफाय परिषद, सीओईपीचा मुक्त सॉफ्टवेअर गट, तिथेच २०११ मध्ये झालेली फेडोरा या लिनक्स डिस्ट्रिब्यूशनची फडकॉन परिषद आणि २०१५ मध्ये पुण्याच्याच एमआयटी कॉलेजात झालेली दुसरी. यांतून आलेली कितीतरी माणसं आज जगभरच्या प्रकल्पांत जबाबदारीवर आहेत. भेटलात तर त्यांना 'कुठला प्रकल्प घेऊ?' असं विचारू नका. 'तुमच्या प्रकल्पात सध्या कुठलं काम कोणीच करत नाही?' असं विचारा. उत्तर लगेच मिळेल, आणि पुढच्या शनिवारचं काम ठरेल.

पायरी ८: स्वतःचा प्रकल्प काढलात तर

कॉलेजचे प्रकल्प एकाच कारणाने मरतात: काढणारे पास होऊन जातात आणि किल्ल्या त्यांच्याच खिशात राहतात. म्हणून चार मित्रांचा प्रकल्प असला तरी पहिल्याच महिन्यात एक पानी कारभार लिहून रेपोत ठेवा.

त्यात एवढं असू द्या. रेपो कोणाच्या वैयक्तिक खात्यावर नको, संस्थेच्या खात्यावर हवा, आणि त्याचे किमान दोन मालक, शक्य तर वेगवेगळ्या वर्षांचे. दोघांच्याही खात्यांवर टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डखेरीज दुसरी ओळख मागणारं, लॉगिन. पायपीआय किंवा एनपीएम अशा पॅकेजच्या भांडारांवर पॅकेज टाकायचे हक्क, डोमेनचं नूतनीकरण, सर्व्हरचा पासवर्ड, देणग्या येत असतील तर हिशेब, या प्रत्येकापुढे दोन नावं. मेंटेनर कसा होतो: अमुक प्रकारचं काम, अमुक महिने, विद्यमान मेंटेनरांपैकी किती जणांची संमती. मेंटेनर कसा जातो: सहा महिने हालचाल नसेल तर विचारणा, मग सन्मानाने वेगळ्या यादीत, अधिकार काढून. मतभेद झाला तर किती दिवस चर्चा, मग कोणाचं मत. स्वतःचीच पुल रिक्वेस्ट कोणी स्वतः मर्ज करू नये. तक्रार कोणाकडे, आणि तक्रार त्याच माणसाबद्दल असेल तर दुसरी कोणाकडे. परवाना कुठला. हे शेवटचं अगदी पहिल्या दिवशी, कारण पन्नास जणांनी कोड दिल्यावर परवाना बदलायचा तर पन्नास जणांना शोधावं लागतं.

हे पानही कोडसारखंच पुल रिक्वेस्टने बदलावं, ७२ तास उघडं ठेवावं आणि निदान दोन मेंटेनरांच्या होकाराशिवाय मर्ज करू नये. दरवर्षी जूनमध्ये, शेवटच्या वर्षाची मुलं शहर सोडण्याआधी, दोन्ही मालकांनी एकत्र बसून प्रत्येक किल्ली खरोखर दुसऱ्याच्या लॅपटॉपवरून चालते का, ते एकदा लॉगिन करून बघावं.